मामाच्या गाडीचे लाल बुश

वाहन ही माणसाच्या कर्तृत्वाची साक्ष असते, आणि ती साक्ष त्याने न बोलता द्यावी यातच खरा थोरपणा आहे, असं पेडगावच्या आप्पारावांचं ठाम मत होतं. त्यांची स्वतःची गाडी मात्र ही साक्ष मागच्या बाजूने खडाखडा वाजून देत असे.

गाडी काळी, लांबोडकी, जर्मन बनावटीची. एका पुणेकर डॉक्टरने आठ वर्षं वापरून एजंटाला दिलेली, एजंटाने धुऊनपुसून आप्पारावांना दिलेली, त्यालाही आता तीन वर्षं झाली होती. कंपनीचं नाव गावात कोणाच्या जिभेवर नीट बसेना, म्हणून गाव तिला सरळ 'जर्मनी' म्हणत असे. "आप्पाराव हायत का घरी?" असं कोणी विचारलं तर "न्हाईत, जर्मनी घेऊन परभणीला गेलेत," असं उत्तर मिळे, आणि विचारणाराही मान डोलावून निघून जाई. पेडगाव ते मानवत या पट्ट्यात ज्यांना परवडतं त्या सगळ्यांकडे पांढऱ्या, उंच, दणकट गाड्या. काळी आणि बुटकी ही एकटीच. बाकीच्या गाड्या खड्ड्यावरून जात. ही खड्ड्याला खाली वाकून भेटून येत असे.

खडखड सुरू झाली दिवाळीनंतर. पहिल्यांदा रेल्वे फाटकावर. रुळांवरून मागचं चाक उतरलं आणि डिक्कीत कोणीतरी रिकामी बादली आपटावी तसा आवाज आला. आप्पारावांनी उतरून डिक्की उघडली. आत स्टेपनी आणि युरियाचं एक रिकामं पोतं, बाकी काही नाही. पहिला उपाय म्हणून त्यांनी स्टिरिओवरच्या भजनाचा आवाज वाढवला. आठवडाभर तेवढ्यावर भागलं. पुढे खडखड भजनाच्या वर निघाली, आणि तीही बेतालात.

एरवी हे असंच वर्षभर चाललं असतं. पण नेमकी त्याच सुमारास त्यांच्या भाचीच्या लग्नाची बैठक आली.

भाची म्हणजे अर्पिता. आप्पारावांची धाकटी बहीण सविता मानवतला दिलेली, तिची ही एकुलती एक मुलगी. नवरा मुलगा चारठाण्याचा, नाव जीवन, पंचायत समितीत नोकरीला. बैठकीत देणंघेणं, जेवणाचा बेत, बँड की हलगी असले अवघड प्रश्न चहाच्या आधीच मिटले. अडलं ते सोप्या प्रश्नावर. पाठवणीला नवरा-नवरी ज्या गाडीतून चारठाण्याला जाणार ती गाडी मुलीकडच्यांनी द्यायची, हे ठरलं. मुलीकडच्यांपैकी कोणी द्यायची, हे ठरेना.

"कोणी म्हंजे? मामानं," आप्पाराव म्हणाले. "अंतरपाटापाशी भाचीच्या मागं मामा उभा ऱ्हातो, मग सासरी कोण पोचवणार? ह्याला काय बैठक लागायलीय का?"

"मान तुमचाच हाय, पाव्हणे," दिनकरराव म्हणाले. हे अर्पिताचे चुलते. मानवतच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, त्यांची आडत होती. सविताचे यजमान मुळात कमी बोलणारे. लग्नकार्यात तर त्यांनी बोलण्याचं सगळं खातं या धाकट्या भावाकडे देऊन टाकलं होतं, आणि दिनकरराव ते नफ्यात चालवत होते. "मान तुमचाच. पर आत्ता तुमी आलात तवा मी दारातच उभा होतो. मागं काय बांधलंय?"

"कुठं मागं?"

"गाडीच्या. मला वाटलं, भंगारवाला आला. आमच्या मंडळींनी फुटकी घागर आणून ठेवली की दारात."

बैठक हसली. मानवतची माणसं हसली त्याचं आप्पारावांना काही वाटलं नाही. ती नेहमीच हसत. पण चारठाण्याची मंडळीही हसली. त्यांच्याशी नातं जुळून अजून चहाही झाला नव्हता.

"एखांदा नट ढिला झाला असंल," आप्पाराव म्हणाले.

"मग आवळून घ्या की. न्हाईतर आपली पांढरी हायच. तिला आवाज न्हाई."

आतून चहाचा ट्रे घेऊन आलेल्या सविताने उभ्या उभ्या निकाल दिला. "दादा, तुजी गाडी लग्नापस्तोर गप झाली तर तुजी. न्हाई झाली तर भाऊजीची. आता चहा घ्या, गार व्हायलाय."

असा हा मामाचा मान चार चाकांपैकी मागच्या दोन चाकांवर येऊन ठेपला.

*

परभणीत वसमत रोडला सिद्धोधनचं गॅरेज होतं. सिद्धोधनने ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केला होता, पुण्यात मोठ्या गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरला पाच-सहा वर्षं काढली होती आणि परत येताना एक लॅपटॉप आणि बोलायची सवय बरोबर आणली होती. गाडीचं काय बिघडलंय ते सांगण्याआधी ती का बिघडते, जर्मनीत का बिघडत नाही आणि परभणीत बिघडल्यावाचून का राहत नाही, हे तो क्रमाने सांगत असे. त्याने जर्मनी लिफ्टवर वर घेतली, मागच्या बाजूला एक लांब पहार घालून हलवली आणि आप्पारावांना खाली बोलावलं.

"काका, या हिकडं. वर बघा. ही लोखंडी चौकट दिसायली का? मागच्या चाकाचं सगळं लटांबर हिला टांगलेलं असतंय. हिला सबफ्रेम म्हणतेत. तुमी बैलगाडीचा आख समजा. आन् आपण बसतो ती वरची साटी. आता आख न् साटीच्या मधी चार जागी रबराच्या गाद्या असतेत. हे बुश. हे चारी संपलेत. आख साटीला आदळायलाय. तोच तुमचा आवाज."

"संपलेत म्हंजे? तीनच वर्षं झाले."

सिद्धोधनने एका बुशाला बोट लावलं. बोट आत गेलं. बाहेर आलं तेव्हा त्याला करपलेल्या काकवीसारखं काळं, चिकट काहीतरी लागलं होतं. त्याने ते नाकाजवळ नेलं.

"तेल," तो म्हणाला. "रबर तेल पिऊन फुगलं, मग सडलं. चारी बुशायला सारखं. म्या लय गाड्या बघितल्या, पर असं न्हाई बघितलं. काका, ह्याला तेल कोणी पाजलं?"

आप्पारावांनी बुशाकडे पाहिलं. मग गॅरेजच्या पत्र्याकडे पाहिलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे खांडेनवमीला, आप्पारावांच्या घरातलं यच्चयावत लोखंड धुऊन, तेल लावून, कुंकू लावून पुजलं जातं. विळे, कुऱ्हाड, वखर, तिफण, विहिरीवरची मोटार, ट्रॅक्टर, सगळं. त्यांची आई तानुबाई ओट्यावर बसून देखरेख करते. जिथे सांधा दिसेल तिथे तेल गेलं पाहिजे, एवढाच तिचा हुकूम. घरात जर्मनी आली त्या वर्षी म्हातारीने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "हिला सांधे न्हाईत का रं?" आप्पाराव परभणीच्या कृषी विद्यापीठाचे पदवीधर. रबराला तेल चालत नाही, हा प्रश्न त्यांना शेती अवजारांच्या पेपरात येऊन गेला होता, आणि त्यांनी तो बरोबर सोडवलाही होता. पण पेपर वेगळा आणि खांडेनवमी वेगळी. शेतात ट्रॅक्टर धुवायला केलेल्या दगडी चढावर त्यांनी गाडी चढवली, पाठीखाली युरियाचं पोतं अंथरलं आणि स्वतः खाली शिरले. आधी बोटाने करडईचं तेल, शास्त्रापुरतं. मग ब्रशाने ट्रॅक्टरचं जळकं ऑइल, मनापासून. तिन्ही वर्षं. यंदा तर दोन हात दिले होते, कारण गाडी जरा कुरकुरायली असं त्यांना वाटलं होतं.

"काका?" सिद्धोधन म्हणाला.

"तेल?" आप्पाराव म्हणाले. "कशाचं तेल?"

"मग ते पुण्यातच झालं असंल. गाडी खालून काळी कुळकुळीत दिसावी म्हणून एजंट लोक ऑइल मारतेत, विकायच्या टायमाला."

"बघ," आप्पाराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखरच दुखावल्यासारखा झाला. "भरोसा ठेवावा तर कोणावर ठेवावा मानसानं."

"एक मात्र बरं केलंय त्यानं," सिद्धोधन वर पाहत म्हणाला. "एवढ्या जुन्या गाडीचे बोल्ट गंजून बसतेत. कापावे लागतेत, दिवस जातोय. तुमचे बघा, हातानं फिरायलेत. बोल्टचा खर्च वाचला तुमचा."

आप्पारावांना क्षणभर शाबासकी घ्यावीशी वाटली. पण ती घ्यायला आता जागा उरली नव्हती.

मग सिद्धोधनने लॅपटॉप उघडून भाव सांगितले. रबराचे लोकल बुश सहा हजारांत चारी बसतील, पण त्यांची गॅरंटी कोणी देणार नाही. रबराचेच कंपनीचे एकोणीस हजारांना. आणि तिसरे हे. त्याने पडदा आप्पारावांकडे वळवला. पडद्यावर चार लालभडक गोल वस्तू होत्या, देवासमोर ठेवाव्यात इतक्या स्वच्छ.

"पीयू. रबर न् प्लास्टिकच्या मधलं काहीतरी समजा. रेसच्या गाड्यायला टाकतेत. चौतीस हजार. पूर्ण सबफ्रेम खाली घ्यावी लागती, त्याची मजुरी नऊ. मग मागच्या चाकाची अलाइनमेंट, ती ह्या गाडीची आपल्याकडं होत न्हाई, नांदेडला न्यावी लागंल. पन्नासच्या आत बसवून देतो."

गाडीच साडेचार लाखांची होती. आप्पारावांनी घसा साफ केला.

"समज, ह्या लाल बुशाला उद्या कोणी तेल लावलंच. तर?"

"कोण लावंल?"

"समज म्हणलं."

"काही होत न्हाई. ऑइलमधी बुडवून ठेवा."

आप्पारावांनी लाल बुशांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "विचार करून सांगतो," ते म्हणाले. मनात त्यांनी सहा हजारवाले घेतले होते.

*

घरी पोचायच्या आत त्यांनी सविताला फोन करून पुण्याच्या एजंटाने कसा दगा दिला ते सविस्तर सांगितलं. सांगता सांगता त्यांना ते पटतही गेलं. सांगण्यात एजंटाला त्यांनी सोन्याचं कडं आणि गोड बोलणं दिलं; प्रत्यक्षात त्याच्या हातात साधं घड्याळही नव्हतं आणि तो सारखा जांभया देत होता.

संध्याकाळी दिनकररावांचा फोन आला.

"पाव्हणे, पुण्यात फसवलं म्हणं तुमाला."

"फसवलं म्हंजे, थोडंसं."

"न्हाई, मला लय वाईट वाटलं. तुमच्यासारख्या शिकलेल्या मानसाला फसवावं म्हंजे काय. पर मी काय म्हणतो, एका ठिकाणी फसवलं त्यानं, अजून कुठं कुठं फसवलं असंल, कोणाला ठाऊक? तसल्या गाडीत लेकराला बसवायचं, ते बी जावयासोबत. उगं पाच-सहा हजाराचं ठिगळ लावून आणताल आन् सेलूच्या अलीकडं चाक निघून पडंल. त्यापेक्षा..."

"ठिगळ कामून?" आप्पाराव म्हणाले. "रेसच्या गाडीचं सामान टाकायलोय मी. जर्मनीतबी कोणी टाकत न्हाई असलं."

फोन ठेवून त्यांनी सिद्धोधनला फोन लावला. "लाल टाक," ते म्हणाले.

"कडक असतेत काका, आधीच सांगतो. रबर म्हंजे गादी, हे म्हंजे पाट. आवाज जाईल, पर रस्ता कळतो."

"रस्ता कळलेला चांगला," आप्पाराव म्हणाले.

पैशांसाठी आप्पारावांनी भाव वाढायची वाट बघत घरात ठेवलेला कापूस काढला. पेडगावचा कापूस सोयीने मानवतला जातो. पण मानवतच्या मोंढ्यात दिनकरराव बसलेले. कापूस का विकायलात, हे त्यांनी न विचारता ओळखलं असतं. म्हणून टेम्पो उलट्या दिशेने परभणीला गेला आणि तिथे भाव थोडा कमी लागला. तोही खर्च बुशांच्याच खात्यावर पडायला हवा होता, पण आप्पारावांनी तो पाडला नाही.

त्यांच्या पत्नी गोजरबाई चुलीवरून, म्हणजे आता गॅसवरून, सगळं बघत होत्या.

"किती लागले गाडीला?"

"बारा हजार."

"बारा हजाराला टेम्पोभर कापूस?"

"भाव चांगला होता."

"भाव चांगला होता म्हणून मानवत सोडून परभणीला नेला?"

आप्पारावांनी पाणी मागितलं. गोजरबाईंनी तांब्या दिला आणि पुढचं विचारलं.

"आन् ते पुण्याच्या तेलाचं काय सांगायलाव सगळ्यायला? तेलाची वाटी त मी धरल्ती."

"हळू बोल."

"कोण हाय घरात?"

"माय हाय."

"आत्याबाईनीच त तेल काढून दिल्तं."

*

जर्मनीचा मागचा भाग सिद्धोधनच्या गॅरेजात उतरवून ठेवलेला असताना मुलीकडची मंडळी चारठाण्याला मुलाचं घर बघायला गेली. दिनकररावांनी पेडगावला पांढरी गाडी पाठवली. "पाव्हणे, तुमी पुढं बसा, चांगलं दिसंल," असंही सांगून पाठवलं. आप्पाराव म्हणाले, शेताला या आठवड्यात लाइट दिवसाची आहे, गव्हाला पाणी द्यायचंय. पाणी आदल्याच दिवशी दिलं होतं. त्यामुळे गोजरबाई गेल्या, गुडघे धरत तानुबाई गेली, सविता, तिचे यजमान, दिनकरराव, सगळे गेले. आप्पाराव ओल्या गव्हात दिवसभर उभे राहिले.

संध्याकाळी गोजरबाई खुशीत परतल्या. "मानसं चांगली हायत. घर बी चांगलं, दगडी. जुनी देवळं दाखवली, काय नक्षी हाय माय! पर घराकडं जायला..."

"दिनकररावची गाडी वाजली का?"

"कशाला वाजंल? मी म्हणायलते, घराकडं जायला..."

"सीट कसे हायत?"

"मऊ हायत," गोजरबाई म्हणाल्या, आणि आप्पारावांना त्यापुढचं काही ऐकायचं नव्हतं.

गाडी लग्नाच्या तोंडावर मिळाली. सिद्धोधनने लिफ्टवर नेऊन लाल बुश दाखवले. काळ्या लोखंडात ते कुंकवाच्या बोटांसारखे दिसत होते. खर्च पन्नासच्या आत बसला नव्हता, थोडा बाहेर आला होता.

"आता तेलाचा संबंध न्हाई ना?" आप्पारावांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तेलाचा न्हाई. ह्याला ग्रीस लागतंय. न्हाईतर चूं चूं करतेत. सालातून एकदा खाली शिरून मारत जा."

"कवा?"

"कवाबी. दसऱ्याच्या आसपास मारा, म्हंजे ध्यानात ऱ्हातंय."

आप्पारावांनी नोटा मोजून दिल्या.

खडखड मात्र गेली होती. रेल्वे फाटकावर आप्पारावांनी स्टिरिओ बंद करून गाडी रुळांवरून नेली, परत आणली, पुन्हा नेली. फाटकवाल्याने हात केला. आवाज नव्हता. आवाजाच्या जागी आता प्रत्येक रूळ, त्याचा नट, आणि नटाखालची फट माणसाच्या माकडहाडापर्यंत थेट येत होती. शेजारी बसलेल्या गोजरबाईंनी डोक्यावरचा पदर सावरला. तो तिन्ही वेळा उडून खांद्यावर आला होता.

"बारा हजारात एवढी कडक झाली," त्या म्हणाल्या. "जास्ती दिले असते तर काय झालं असतं, देव जाणे."

*

लग्न मानवतच्या मंगल कार्यालयात पार पडलं. अंतरपाटापाशी आप्पाराव भाचीच्या मागे उभे राहिले, पण त्यांचं लक्ष कार्यालयाच्या फाटकाकडे होतं, जिथे झेंडूच्या माळा घातलेली जर्मनी उभी होती. सविताने पाठवणीआधी गाडी एकदा आवारात फिरवायला लावून ऐकली. "गप हाय," ती म्हणाली. दिनकररावांनीही मान हलवली. "मान तुमचाच होता, पाव्हणे. मी त म्हणलंच होतं."

रडणं झालं, ओटी भरली, आणि उन्हं कलायच्या आत गाड्या निघाल्या. जर्मनी आप्पाराव चालवत होते, शेजारी गोजरबाई. मागे अर्पिता, तिचा नवरा जीवन, आणि पाठराखीण म्हणून आजी तानुबाई. मागून दिनकररावांची पांढरी, तिच्यात रुखवताची भांडी.

मानवत सुटेपर्यंत गाडी सुरेख चालली. पुढे रस्त्याने आपलं खरं रूप दाखवायला सुरुवात केली. गाडीतून एकही आवाज येत नव्हता. फक्त मागच्या सीटवरची तिन्ही माणसं एकाच वेळी वर जात होती आणि एकाच वेळी खाली येत होती. जीवन नवा जावई, फेटा डोक्यावर दाबून धरून गप्प बसला. अर्पिता आईच्या आठवणीने रडत होती. प्रत्येक खड्ड्याला तिचं रडं मधेच तुटायचं आणि पुढच्या सपाट जागी पुन्हा सुरू व्हायचं.

"मामा," जीवन शेवटी अदबीने म्हणाला, "गाडी जराशी स्पोर्टी हाय का?"

"जर्मन हाय," आप्पाराव म्हणाले.

सेलू ओलांडलं आणि तानुबाईने पुढच्या सीटवर थाप मारली. "आप्पा, थांब. मला उतरव."

"माय, थोडंच ऱ्हायलंय आता."

"तुझं थोडं ऱ्हायलंय. माझं कंबरडं मागं सेलूलाच ऱ्हायलं."

गाडी थांबली. मागची पांढरीही थांबली आणि दिनकरराव लगबगीने उतरून आले. तानुबाई दार धरून, कमरेवर हात ठेवून रस्त्यात उभी होती.

"काय झालं, मावशी?"

"काही न्हाई बाबा, गाडी लय आदळायलीय. आता तूच सांग, औंदा खांडेनवमीला आप्पानं एवढं तेल घातलं हिच्या सांध्यायला. खाली शिरून, ब्रशानं, ट्रॅक्टरचं ऑइल. दरसाली घालतो. तरी कशी काय एवढी कडक झाली असंल?"

गोजरबाई समोरच्या तुरीकडे बघत राहिल्या. तूर चांगली होती.

दिनकररावांनी आधी गाडीच्या मागच्या चाकाकडे पाहिलं, मग आप्पारावांकडे पाहिलं. आडतीवर आयुष्य घालवलेला माणूस. ओला कापूस हात न लावता ओळखायचा. त्यांनी आप्पारावांच्या खांद्यावर हात ठेवला.

"पुण्याची लोकं लय वाईट, पाव्हणे," ते म्हणाले.

त्यानंतर चर्चेला फारसं काही उरलं नाही. म्हातारी पांढऱ्या गाडीत बसणार होती, आणि पाठराखीण एका गाडीत, नवरी दुसऱ्या गाडीत, असं कुठे होत नाही. "मामा, मी बसते की हिच्यातच," अर्पिता म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं; पण जीवन तोवर पांढऱ्या गाडीत जाऊन बसलाही होता आणि त्याने फेट्यावरचा हात काढला होता. तिघांना जागा करायला रुखवत खाली काढावं लागलं. पितळेचं घंगाळ, दोन पराती, कळशी आणि स्टीलचे एकात एक न बसणारे डबे जर्मनीच्या मागच्या सीटवर आले. झेंडूच्या माळा सोडून पांढरीला बांधायच्या का, असं दिनकररावांनी विचारलं. आप्पाराव नको म्हणाले.

गाड्या पुन्हा निघाल्या. पहिल्याच खड्ड्याला मागून असा आवाज झाला की गोजरबाईंनी कानावर हात ठेवले. घंगाळ परातीवर, परात डब्यांवर, डबे दारावर. सबफ्रेम आणि तिचे चारी लाल बुश आपापल्या जागी घट्ट, निःशब्द होते. वाटेत एका पारावर बसलेल्या माणसांनी माना वळवून झेंडूच्या माळा घातलेली ती गाडी दिसेनाशी होईपर्यंत पाहिली.

"भजन लावा," गोजरबाई म्हणाल्या.

आप्पारावांनी भजन लावलं नाही. त्यांनी गाडीचा वेग वाढवला. नवरी नसली तरी मामाची गाडी गावात आधी शिरली पाहिजे, एवढं तरी त्यांच्या हातात होतं. चारठाण्याच्या अलीकडे त्यांनी पांढरीला मागे टाकलं आणि खणाणत, घणघणत गावात शिरले. बँडवाले कुठे दिसतायत, माणसं कुठे उभी आहेत, ते बघत त्यांनी देवळाजवळून वळण घेतलं आणि ब्रेक दाबला. एक परात पुढे येऊन गिअरवर थांबली.

समोर रस्ता संपला होता. पुढे जुन्या दगडी घरांमधून एक बोळ जात होता. एक म्हैस आत शिरली की समोरच्या म्हशीने थांबावं, एवढा.

"हेच सांगायलते त्या दिशी," गोजरबाई म्हणाल्या.

मागून पांढरी येऊन शांतपणे उभी राहिली. दिनकररावांना घाई नव्हती. त्यांनी बोळ आधीच पाहिला होता. सविताने पाहिला होता, तानुबाईने पाहिला होता, गोजरबाईंनी पाहिला होता. नवरा-नवरी उतरले, तानुबाईने अर्पिताचा हात धरला आणि सगळे चालत बोळात शिरले. आप्पाराव कडेवर घंगाळ घेऊन मागोमाग गेले.

जीवनचं घर बोळाच्या पार आतल्या टोकाला आहे. सासरची मंडळी आरतीचं ताट आणि तांदळाचं माप घेऊन तिथे दारात उभी होती. त्या दारातून रस्ता दिसत नाही.